मंद्रूपचा डबा

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून डाएट. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या माणसाला वाटेल ते खाणं शोभत नाही. आई रोज मंद्रूपहून सकाळच्या एसटीत डबा पाठवते. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पालेभाजी. सगळे कार्ब्स. डबा रूममेट बसूला देऊन टाकला. त्याचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, त्याला कोण डबा पाठवणार. मी अंडी खाणार.

५ ऑगस्ट
श्रावण आहे हे लक्षातच नव्हतं. अंडी बंद. कँटीनमध्ये गरम फक्त वडापाव होता. बटाटा ही भाजीच आहे.

१२ ऑगस्ट
आईचा फोन. मेथी कशी झालती म्हणून विचारत होती. बसूला विचारून सांगितलं, मीठ जास्त. म्हणाली, व्हय की, हात सैल पडला खरा.
मग आप्पांनी फोन घेतला. तब्येत उतरलेली दिसली की रूम बंद, घरनं येऊन-जाऊन शिकायचं. मी म्हटलं, उलट सुधारलीय. रूम गेली तर मी मेलो. सातला घरात, आठला ताट, नऊला आप्पांसोबत बातम्या. ते नको.

२४ ऑगस्ट, रविवार
श्रावण संपला. पण पोरं मंचुरियन खायला निघाली, एकट्यानं अंडी उकडत बसणं बरं दिसेना. त्यात कोबी असतो.
बसूला पँट होईना. त्याला व्यायाम कर म्हटलं.

९ सप्टेंबर
गणपतीत प्रसादाला नाही म्हणता येत नाही. आता पितृपक्ष. यात नवीन काही सुरू करत नाहीत. मी मानत नाही, पण आई मानते.
जिना चढताना दम लागतो. पायऱ्या चुकीच्या बांधल्यात.

१७ सप्टेंबर
विद्यापीठात आरोग्य तपासणी. मी मुद्दाम पहिला बसलो, बाकीच्यांना धीर यावा म्हणून. रक्त काढल्यावर थोडा आडवा झालो. हिमोग्लोबिन आठ. मशीन बिघडलेलं असणार. बसूचं चौदा, त्याच मशीनवर. डॉक्टर बाईंनी घरी फोन लावला. काही गरज होती का?

१८ सप्टेंबर
सकाळच्या एसटीनं डब्याबरोबर आई-आप्पाही आले. मी स्टँडवर पोचेपर्यंत बसू रोजच्यासारखा डबा घ्यायला हजर. आईच्या पाया पडून म्हणाला, काकू, चटणी लई भारी असती, त्या दिवशीच्या मेथीत तेवढं मीठ जास्त झालतं. आईनं त्याच्या गालांकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पदरानं डोळे पुसले तिनं. मला लाज वाटली, खरंच.
रूमवर आल्यावर आप्पा माझी गादी गुंडाळायला लागले. मी म्हटलं, उद्यापासून डबा मीच खातो. आई म्हणाली, त्या लेकराला सवय लागली की आता, त्याच्या तोंडचं कसं काढू.

२९ सप्टेंबर, सोमवार
येऊन-जाऊन सुरू आहे. शिस्त लागते माणसाला. तसाही जातोयस की, म्हणून आईनं बसूचा डबा माझ्याकडंच दिलाय. एसटीत मांडीवर दोन डबे. माझ्या डब्यात डॉक्टर बाईंनी लिहून दिलेलं उकडलेलं बीट. बसूच्या डब्यात आज शेंगापोळी होती, झाकणातून वास येत होता. तो स्टँडवर घड्याळ बघत उभा. म्हणाला, उद्या जरा आधीची गाडी धर.