दीड किलो पेंड, रोज सकाळी

२ फेब्रुवारी, रविवार
उद्यापासून मासेमारी. कारण पूर्णपणे तांत्रिक आहे. शुक्रवारी कँटीनमध्ये रविराज म्हणाला, "तू स्वतः धरलेला मासा असंल तर येतो की गं तुझ्या घरी जेवायला. दोन किलोच्या वर पायजे मात्र." आम्ही तीन वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एकाच फाउंड्रीत आहोत. मी क्वालिटीत, तो डिझाइनमध्ये. वडगावला आमच्या फाटकापर्यंत तो बऱ्याचदा आला आहे. आत ये म्हटलं की त्याला घाई असते. वेळेचा पक्का आहे.
एकदा जेवण झालं की पुढचं आपोआप ठरेल. पुढचं म्हणजे काय, ते इथे लिहायची गरज नाही.
आप्पांना फक्त मासेमारीचं सांगितलं. "तू? गांडुळाला हात लावशील?" म्हणाले आणि पेपर उघडला.

३ फेब्रुवारी, सोमवार, पहाटे ५:५०
कंग्राळीपुढचा तलाव. इथे रवळूअण्णा चाळीस वर्षं गळ टाकतात. गांडूळ लागत नाही म्हणाले. जागा एक, वेळ एक, रोज चारा टाकायचा आणि वीस दिवस गळ लावायचा नाही. "माशास्नी सवय लागू दे बाई. मग आत काय हाय ते बघत न्हाईत."
शेंगपेंड, भाताचा कोंडा आणि माझ्या विचाराने थोडा ओवा. एकूण दीड किलो. जागेवर लाल टेप गुंडाळलेली काठी रोवली. लोकेशन रविराजला पाठवलं. डेटा दोन ठिकाणी असलेला बरा.
निश्चय: वीस दिवस, एकही खाडा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
सात दिवस, शून्य खाडे. पाण्याचं तापमान २३. पेंड टाकल्यावर पहिला बुडबुडा यायला सोमवारी अकरा मिनिटं लागली होती, आज चार. आलेख काढला. सुंदर आहे.
अंगाला ओव्याचा वास येतो अशी आप्पांची तक्रार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
रविराजचा रोज मेसेज येतो: "आज किती टाकलीस?" दहा दिवसांत नऊ मेसेज. इतका नियमित पाठपुरावा तो स्वतःच्या ड्रॉइंगचाही करत नाही. यातून निष्कर्ष काढायला सॅम्पल लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.
दोन किलो कर म्हणाला. केली नाही. मध्येच प्रमाण बदललं तर डेटा बिघडतो.
(संध्याकाळी विचार केला. उद्यापासून दोन किलो.)

१६ फेब्रुवारी, रविवार
रवळूअण्णांनी आज न विचारता सांगितलं. "तुमचा चारा लई भारी हाय बघा. सांजच्याला एक बुलेटवाला येतोय. तुमच्या काठीपाशीच बसतोय. रोज एक-दोन काढतोय."
बेळगावात बुलेट हजारोंनी आहेत. तरी रविराजला कळवलं की जागेवर लक्ष ठेव, त्याचं घर कंग्राळीतच आहे. "ठेवतो की," म्हणाला. निश्चिंत झाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
कँटीनमध्ये रविराज सांगत होता की त्याने धरलेला कटला आईने कापला तर पोटात ओवा निघाला. सगळे हसले. मीही हसले. ओवा काही माझ्या एकटीच्या मालकीचा नाही.
रात्री त्याच्या स्टेटसवर त्या कटल्याचा फोटो होता. चार किलोचा तरी असेल. मागे काठी, काठीला लाल टेप. लक्ष ठेवायला माणूस गेला, तर नुसता बसून राहणार का? हे पडताळणीतच मोडतं.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६ ते ११
पहिला गळ. दोन चिलापी, ८० आणि ९५ ग्रॅम. रिजेक्ट.
रवळूअण्णा म्हणाले, "मोठं मासं काल सांजच्यालाच गेलं बाई. सकाळी तुम्ही वाढायचं, सांजच्याला त्येनं उचलायचं. बरं चाललंय." त्यांचा स्वभाव तिरकस आहे. वाऱ्याची दिशा नोंदवायची राहिली, दोष तिथे असावा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
रविराजने पेढे वाटले. खानापूरच्या माधवीशी ठरलं. पाहुणे तीन वेळा येऊन गेले आणि तिन्ही वेळा जेवणात मासे होते. "सासरेबुवा ओव्याच्या वासावरच फिदा," म्हणाला. मला दोन पेढे दिले, इतरांना एकेक. नोंद केली.
जेवणाची पैज मात्र कायम आहे. तसं त्याला विचारलं. "व्हय की गं," म्हणाला. शब्दाचा पक्का आहे.

२ मार्च, रविवार
सकाळी ७:२०. कटला. २ किलो १४० ग्रॅम. दोनदा वजन केलं. काटा शून्यावर आणून तिसऱ्यांदाही. तापमान २६.
रविराजला फोन केला, एक वाजता ये म्हटलं. आप्पांनी मासा स्वतः कापला, हळद-मीठ लावलं, खोबरं भाजलं. पाट्याच्या आवाजाने शेजारच्या मालुबाई डोकावल्या. "कोण पाव्हणं गं?" मी सांगितलं, ऑफिसचे. तीन ताटं मांडली.
एक वाजून पाच मिनिटांनी तो आला. फाटकाबाहेर बुलेट चालूच ठेवली. म्हणाला, "कच्चाच दे की. आई करते." रस्सा झालाय, ताटं मांडलीत, असं सांगितलं. "मग ऱ्हाऊ दे. पुढच्या वेळी कच्चा ठेव माझ्यासाठी." गेला.
मी आत येऊन आप्पांना सांगितलं की त्याला अचानक काम निघालं. आप्पा ताटातला काटा काढत म्हणाले, "त्येच्या घरी आपल्या हातचं चालत न्हाय, पोरी. तुला ठावं हाय." मी म्हटलं, आजकाल तसं काही नसतं, आम्ही इंजिनिअर आहोत. आप्पा म्हणाले, "मग सांग, तीन वर्षांत फाटकाच्या आत किती येळा आलाय? तू तर सगळं मोजतीस."
दुपारी तीन वर्षांच्या रोजनिशा पहिल्या पानापासून तपासल्या. फाटकापर्यंत: ३४ वेळा. आत: असा कॉलमच मी कधी आखलेला नाही.
मासा चांगला झाला होता. तिसरं ताट मीच उचलून ठेवलं.

३ मार्च, सोमवार, पहाटे ५:५०
पेंड काल रात्रीच भिजवली होती. वाया जाऊ नये म्हणून टाकली. चारा बंद केल्यावर मासे किती दिवसांनी जागा सोडतात, ते रवळूअण्णांना विचारलं. "चार दिसात जात्यात," म्हणाले. चार दिवस. नोंद केली.
परत येताना मोबाइल वाजला. "आज किती टाकलीस?"
स्कूटर बाजूला घेतली आणि उत्तर दिलं: दोन किलो.