मोजणीत एक जास्त

लक्सर, पश्चिम तीर
१९ डिसेंबर २००३

चि. शाझली यास, वहीबाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र नाही, निरोप नाही. जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांना तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजांची खडान् खडा माहिती देतोस, आणि जिवंत बहिणीला दोन ओळी लिहायच्या म्हटले की तुझ्या शाईला दुष्काळ पडतो. तुमच्या बसचा गिर्गिस बरा. नाताळच्या उपासांनी वाळून गेलाय बिचारा, तरी माझी टोपली सफागाला नेतो म्हणाला.

बातमी अशी की बखीत सुटला. पाण्याच्या पाळीवरून आपल्या मुनीरला कुदळीने मारणारा बखीत चौदा वर्षे तुरुंगात काढून मंगळवारी घरी आला. बुधवारी सकाळीच आपल्या चुलत्याच्या हमदानने उसाच्या आडून बार टाकला. बखीत वाचला, गोळी त्याच्या भावाच्या नडगीत घुसली. हाड बाहेर आले म्हणतात. मला वाईट वाटले नाही, खोटे कशाला लिहू?

रक्ताला रक्त मिळेपर्यंत आपल्या दारात कुणी सांत्वनाला यायचे नाही, हे आईने मुनीर गेला त्या दिवशीच सांगितले होते. त्याच्या नावाची सुतकाची कडू कॉफी अजून आपल्या चुलीवर चढलेली नाही. आई तशीच गेली. मीही चौदा वर्षांत डोळ्यांतून टिपूस काढलेले नाही. आता घरातला मुलगा म्हणून तू एकटा उरलास. टोपलीत उन्हात फुगवलेल्या भाकरी आहेत, आणि तळाशी बाबांचे पिस्तूल. आधी भाकरी खा, शिळ्या होतील.

बहिणीवर माया असेल तर ती या वेळी हाताने दाखव.
तुझी वहीबाताई

•

सफागा बंदर
२४ डिसेंबर २००३

ती. वहीबाताईस, शाझलीचा सलाम. वि. वि.

भाकरी खाल्ल्या. दुसरा जिन्नस मोज्यात गुंडाळून गादीखाली ठेवला आहे, तेव्हापासून झोप नाही. तुझ्या हाताला चव आहे, पण टोपली भरताना जरा विचार करत जा. वाटेत पोलिसांच्या चार चौक्या आहेत. एखाद्या शिपायाने भाकर मागितली असती तर गिर्गिसचा नाताळ कोठडीत गेला असता.

ताई, माझे काम तू कधी पाहिले नाहीस. पहाटे जहाज लागते. बेचाळीस पाहुणे, प्रत्येकाच्या छातीवर बसच्या आकड्याचा बिल्ला. त्यांना वाळवंटातून लक्सरला न्यायचे, देवळे दाखवायची आणि दिवस मावळायच्या आत जहाजावर मोजून परत द्यायचे. बसमध्ये मोजतो, देवळाच्या दारात मोजतो, मुतारीतून आले की पुन्हा मोजतो. अकरा वर्षांत माझ्या मोजणीतला एक माणूस हरवला नाही की कुणाला साधा ओरखडा उठला नाही. माझ्या अंगावर सोपवलेला माणूस तो माझा, ही आपल्या बाबांचीच शिकवण.

शेवटचा मुक्काम मदीनत हाबूचे देऊळ. तिथल्या भिंतीवर लढाईत मेलेल्यांच्या तोडलेल्या पंजांचा ढीग कोरलाय आणि शेजारी कारकून तो मोजतोय. मी गमतीने सांगतो की हा कारकून मेलेले मोजायचा, मी जिवंत मोजतो. लोक हसतात. तुझे पत्र आल्यापासून ती गंमत माझ्या तोंडून निघत नाही. मुनीर माझाही भाऊ होता. पण माझ्याच्याने हे होणार नाही.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
तुझा शाझली

•

लक्सर, पश्चिम तीर
२ जानेवारी २००४

चि. शाझली यास आशीर्वाद. वि. वि.

तू मोजत बस. इकडे बखीतच्या भावांनी आपला दोन फेद्दान ऊस जाळला. म्हशीच्या मागच्या पायांच्या शिरा कापल्या. बिचारी दारात बसून हंबरत होती. शेवटी मीच तिच्या गळ्यावर सुरी फिरवली. कोपरापर्यंत रक्त घेऊन अंगणात उभी होते, आणि मनात येत होते की माझा भाऊ आता कुणाला तरी खांब दाखवत असेल.

बखीतने निरोप पाठवला होता. अनवाणी येतो, स्वतःचे कफन हातांवर घेऊन येतो, मारायचे तर मारा, सोडायचे तर सोडा, म्हणे. मी निरोप्याला म्हटले, आण म्हणावे, त्यातच गुंडाळून परत पाठवते. चौदा वर्षे सरकारी भाकरी खाऊन आता याला मरण आठवले!

आणि तू स्वतःला फार शहाणा समजू नकोस. वैरात कुणी उनाड हमदानला मारत नाही, घरातला सर्वांत चांगला माणूस मारतात. आपल्याकडे शिकलेला, नाव कमावलेला तू एकटा. तुला पुरायला लागू नये म्हणून मी हे सगळे करते आहे, एवढे तरी कळते का? हमदान बखीतच्या मागावर आहे. समोर आला तर हमदानला आडवा जाऊ नकोस, एवढेच कर.

माया आहे म्हणूनच जीभ कडू आहे.
वहीबाताई

•

सफागा बंदर
६ जानेवारी २००४

ती. वहीबाताईस सलाम. वि. वि.

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

काल एका म्हाताऱ्या बाईला प्रवास बाधला म्हणून तिला बसमध्येच बसवले. म्हणजे उरले एकेचाळीस. मदीनत हाबूच्या दुसऱ्या चौकात मोजले तर बेचाळीस. पुन्हा मोजले, पुन्हा बेचाळीस. अकरा वर्षांत माणूस कमी भरायची भीती बाळगली, जास्त कधी भरला नव्हता. मग दिसला. राखाडी झग्यावर आपल्या बसचा बिल्ला, काखेत घडी केलेले पांढरे कापड. बखीत. मी ओळखलेच नाही आधी, ताई. दात पडलेत, मान वाळलीय. आजारी बाईने खिडकीतून आपला बिल्ला त्याला देऊन टाकला होता.

मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, मोजलंस ना मला? दोनदा मोजलंस. आता काढून दाखव मोजणीतून. तुझी बहीण माझं कफन घेत नाही, तू तिच्या दारापर्यंत ने, पुढं तिनं काय करायचं ते करू दे.

तेवढ्यात मागच्या पडक्या भिंतीवरून हमदान उतरला, लोखंडी कड्यांची लाठी घेऊन. पहिला तडाखा बखीतच्या खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येत होता. त्यात मी हात कसा घातला ते मलाच कळले नाही. उसाचे कांडे मोडावे तसा आवाज झाला. मग बसच्या आकड्याची पाटी असते ना माझ्याकडे, लाकडी दांड्याची, ती डाव्या हाताने हमदानच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, तो पडेपर्यंत. आपल्याच चुलतभावाचे दोन दात आणि नाक मी त्या पंजांच्या भिंतीखाली फोडले.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, ताई. त्यांना वाटले सहलीतला खेळ आहे. एकीच्या पांढऱ्या बुटांवर रक्त उडाले तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. कंपनीने मला दोन महिने घरी बसवले आहे, ते ठीकच.

बखीत शुक्रवारी नमाजनंतर तुझ्या दारात येईल. माझ्या नावावर येईल. वाटेत त्याला कुणी हात लावू नये, ही माझी जबान आहे. दारानंतर माझी जबान संपते. पिस्तूल त्याच टोपलीतून परत पाठवतो, गोळ्या आतच आहेत. गिर्गिसला वाटते खजूर आहेत. तुझा राग तुझा आहे, तो माझ्या हाताने काढायला सांगू नकोस.

हमदानला माझा सलाम सांग, तो घेईल तेव्हा.
तुझा शाझली

•

लक्सर, पश्चिम तीर
१० जानेवारी २००४

चि. शाझली यास, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल बखीत आला. अनवाणी, उघड्या डोक्याने, दोन्ही हातांवर कफन. सगळा गाव जमला होता. चुलते म्हणाले, कफन पुरुषाने घ्यायचे, बाईने नाही. मी म्हटले, आपल्या पुरुषांत एकाचा हात मोडलाय, दुसऱ्याचे दात पडलेत, तुमचे गुडघे वाकत नाहीत, मग कोण घेणार? 

तो गुडघ्यांवर बसला. मी पिस्तूल त्याच्या मानेला लावले आणि विचारले, मुनीरला किती घाव घातलेस? हे मला आजवर कुणी सांगितले नव्हते. म्हणाला, तीन. पहिल्याला पडला. दुसऱ्याला वहीबा अशी हाक मारली. तिसऱ्यानंतर बोलला नाही.

पिस्तूल फेकून दिले. गोळीने त्याला काय कळणार होते? ओट्याला टेकवलेली कुदळ घेतली. पहिला घाव दांड्याने पाठीत, तो तोंडावर आपटला. दुसरा बरगड्यांवर. मोडल्या, मी ऐकले. मग थांबले. आता हा कुणाला हाक मारतो ते ऐकायचे होते. कुणालाच मारली नाही. तो तुरुंगात होता तेव्हाच त्याची आई गेली. हाक मारायला होतेच कोण? नुसता माती चावत तिसऱ्याची वाट बघत पडला होता.

कुदळ डोक्यावर होती, शाझली, पाते खाली करून. मुनीरची हाक कानात आणायला गेले, म्हणजे तिच्या जोरावर हाणता आले असते. पण त्याचा आवाजच आठवेना. चौदा वर्षे त्याचे वैर सांभाळले आणि आवाज हरवून बसले. तिथेच रडू फुटले. कुदळ कधी गळाली ते समजले नाही. ज्या बायकांना दारात पाय ठेवू दिला नव्हता, त्यांनी मला धरून बसवले.

तिसरा घाव ईदसाठी पोसलेल्या मेंढ्याला मिळाला. सुरी मीच फिरवली. रक्त बखीतच्या पायांवर गेले आणि चुलत्यांनी दोन्ही घरांसमोर वैर मिटल्याचे सांगितले. हमदान फडक्याने तोंड धरून बसला होता, तोही हो म्हणाला. निदान तसेच ऐकू आले.

मग मुनीरच्या नावाची कॉफी केली, बिनसाखरेची. घरातले आणि सांत्वनाला आलेले मोजून एकवीस पेले भरले. वाटून झाले तरी थाळीत एक उरला. तुझ्यासारखेच झाले. मी मात्र पुन्हा मोजले नाही. बखीत भिंतीला टेकून रक्त थुंकत बसला होता, त्याच्या हातात नेऊन दिला.

हात बरा झाला की ये. भाकरी पाठवते, या खेपेला तळापर्यंत नुसत्या भाकरीच आहेत.

तुझी ताई,
वहीबा