कपाळाला लावायचा दिवा

बाबा, आज मी कपाळाला लावायचा दिवा घ्यायला गेले होते. हेडलॅम्प. तुम्ही त्याला टिकली म्हणाला होतात. पुढच्या महिन्यात आम्ही तिघी मैत्रिणी सायकलवर कोकणात उतरणार आहोत, सहा दिवस, तंबू, स्टोव्ह सगळं सायकलला बांधून. माझं वय बावन्न आहे, डावा गुडघा कुरकुरतो आणि कंपनीने मला अतिशय गोड इंग्रजीत घरी पाठवलं आहे, त्यामुळे वेळ भरपूर आहे. तुम्हाला पिंपरीच्या कारखान्याने घरी पाठवलं तेव्हा निदान नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. मला एक मेल आली. ती मी दोनदा वाचली आणि उठून कुंड्यांना पाणी घातलं. त्याहून जास्त काही वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला असूनही आपला राहत नाही, तसं माझं बरीच वर्षं चाललं आहे. हे तक्रार म्हणून नाही सांगत, तुम्ही असतात तर विचारलं असतंत म्हणून सांगते.

दुकान नारायण पेठेतच आहे, आपण दोन खोल्यांत भाड्याने राहायचो तिथून दोन गल्ल्या सोडून. पूर्वी तिथे वह्या-पेनं मिळायची, आता पाठीवरच्या सॅका आणि दोऱ्या मिळतात. दुकानदार माझ्याच वयाचा असेल. चष्मा कपाळावर, समोर वर्तमानपत्र. मी म्हटलं, हेडलॅम्प बघायचाय. तो म्हणाला, "बघायचाय की घ्यायचाय? घ्यायचा असेल तर खोकं उघडतो." पुणं फारसं बदललेलं नाही, बाबा. पण एकदा खोकी उघडल्यावर त्याने मन लावून समजावलं. रस्ता दिसायला सायकलच्या दांडीवर वेगळा दिवा लावा, डोक्यावरच्या दिव्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. डोक्यावरचा दिवा तुम्ही बघाल तिथे बघतो, म्हणून तंबू ठोकताना, पंक्चर काढताना, भात शिजला का बघताना दोन्ही हात मोकळे राहतात. प्रकाश फार लांब फेकणारा नको, जवळ पसरणारा हवा. लाल दिव्याची सोय हवी, म्हणजे तंबूत शेजारची झोपमोड होत नाही. बटण सॅकमध्ये आपोआप दाबलं जाणार नाही अशी खिटी हवी. साध्या सेलवर चालणारा बरा, कोकणात लाइट गेली की चार्जिंगवाला घेऊन बसाल. मी सगळं नीट ऐकलं, आणि मग विचारलं, "आपण थांबलो तरी हा लागलेला राहतो ना?"

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "अहो मॅडम, डोक्यावर आहे. थांबल्यावर का जाईल?"

हा प्रश्न मी का विचारला ते जगात फक्त तुम्हाला कळलं असतं. तुमच्या सायकलला डायनॅमो होता. मागच्या चाकाला टेकवायचा तो बाटलीच्या आकाराचा डबा, टायर त्याला घासलं की गुरगुरायचा आणि पुढचा दिवा लागायचा. जोरात पायडल मारलं की उजेड पांढरा, चढाला पिवळा, उतरलात की काळोख. पहिल्या पाळीला तुम्ही अंधारात निघायचात. कंपनीची बस होती, पण बसमध्ये तुम्हाला मळमळायचं. मी गॅलरीतून बघायची. गल्लीच्या तोंडाशी डायनॅमो लागला, दिवा पेटला, की तुम्ही उजवा हात दांडीवरून काढून कपाळाला लावायचात. तिन्हीसांजेला घरात दिवा लागल्यावर करतात तसा नमस्कार, पण पहाटे आणि चालत्या सायकलवर. आई म्हणायची, एक दिवस देव पावेल आणि पडतील. मी हसते आहे. मी आठ वर्षांची आहे, दात पडलेले आहेत, आणि तो पिवळा ठिपका गुरगुरत वळणावर नाहीसा होतो आहे.

कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली, म्हणजे इच्छा त्यांची आणि निवृत्ती तुमची, त्यानंतरही तुम्हाला पहिल्या पाळीच्या वेळेलाच जाग यायची. महिनाभर तुम्ही उठून खुर्चीत बसून राहिलात. मग सायकल काढून खडकवासल्याला जायला लागलात. धरणाच्या कडेला बसून आईने दिलेली पोळी खायची आणि येताना मंडईतून भाजी आणायची. धरणावर काय करता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "पाणी मोजतो. पुण्याले पुरते का पाहतो." तुम्ही तीस वर्षं पुण्यात राहून बाहेर अगदी शुद्ध बोलायचात, घरात मात्र वऱ्हाडी सुटली नाही. मला तिची लाज वाटायची, मैत्रिणी आल्या की मी दार लोटून घ्यायची. हेही आज सांगून टाकते.

आपली ती चहाची गोष्ट. तुम्ही नवीन पुण्यात आला होतात आणि मालकीणबाईंकडे भाडेपावती आणायला गेला होतात. त्यांनी विचारलं, चहा घेणार का? तुम्ही आपल्याकडच्या रीतीप्रमाणे म्हणालात, नको, राहू द्या. आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. दुसऱ्या नकोला यजमान रागावतो, तिसऱ्याला कप हातात येतो. मालकीणबाई म्हणाल्या, बरं, आणि स्वतःचा चहाचा कप उचलून आत गेल्या. "तीन मिनिटं बसून होतो," तुम्ही दर दिवाळीला सांगायचात, "मले वाटलं पुन्हा विचारन. मंग समजलं, पुण्यात एकदाच विचारतेत." आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. घरात मात्र रीत तीच राहिली. तुम्ही भाकरीला नको म्हणालात की मी वाढायचीच, हात आडवा धरलात तरी बोटांच्या फटीतून वाढायची. वीस वर्षं रोज वाढलं आहे.

मग मी सॉफ्टवेअरमध्ये लागले आणि कंपनीने मला पहिल्यांदा सात महिने परदेशात पाठवलं. येताना सगळे चॉकलेटं आणि परफ्यूम आणतात, मीही आणली, पण तुमच्यासाठी तिथल्या एका खेळाच्या दुकानातून तो दिवा आणला होता. पिवळ्या रंगाचा, रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्याचा. तुम्ही तो माकडटोपीवर चढवलात. "कपाळाले टिकली बाया लावतेत, मी दिवा लावला," म्हणालात आणि तसेच स्वयंपाकघरात गेलात. वरणाच्या पातेल्यात डोकावलात, ओट्याखाली डोकावलात, सिलेंडरच्या मागे हरवलेला चिमटा शोधून काढलात. आई म्हणाली, माझ्याकडे बघू नका, डोळे दिपतात. तेव्हा तुम्ही मान खाली घालून तिच्याशी बोलायला लागलात, आणि पूर्ण संध्याकाळ आमच्या दोघींशी मान खाली घालूनच बोललात. इतकं खूश मी तुम्हाला फार कमी वेळा बघितलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेली होती. मी ऑफिसची बस पकडायच्या घाईत. तुम्ही दिवा पुसून, पट्टा गुंडाळून, खोक्यात घालून माझ्यासमोर धरलात. "राहू दे. मले काय कराचं त्याचं? तुलेच कामी पडन." मी म्हटलं, "बरं." आणि खोकं घेतलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, किंवा अजिबात माहीत नाही, मला कळत नाही कसं म्हणायचं. तीन आठवड्यांनी, थंडीतल्या अंधाऱ्या पहाटे, धरणाच्या अलीकडच्या चढावर तुम्ही सायकलवरून उतरलात आणि ती हातात धरून चालायला लागलात. चाक सावकाश फिरणार, डायनॅमो गप्प. दुधाचा टेम्पो मागून आला. ड्रायव्हर पळून गेला नाही. त्यानेच तुम्हाला दवाखान्यात आणलं आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिला. मला म्हणाला, "ताई, दिसलेच नाही हो. दिवा नव्हता." मी म्हटलं, डायनॅमो होता. पोलिसालाही तेच सांगितलं, डायनॅमो होता, तीन वेळा. तो म्हणाला, "हो हो, लिहिलंय." रडू आलं नाही. चौदाव्या दिवशी मी ऑफिसला गेले, कारण सोमवारी आमची डिलिव्हरी होती. सगळे म्हणाले, किती खंबीर आहे. खंबीर नव्हते, मला काही लागतच नव्हतं.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "तुह्या त्या दिव्याचं काय झालं? टिकली लावून गेले नव्हते काय?" दिवा दाराच्या मागे माझ्या सॅकमध्ये होता, आई बसली होती तिथून चार हातांवर. मी म्हटलं, "पिशवीत असेल. तिथेच रस्त्यावर पडला असेल." आईने मान हलवली. मग मी तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवला, नोकऱ्या बदलल्या तसे ड्रॉवर बदलले. आई त्यानंतर वीस वर्षं जगली. मधूनच, भाजी निवडताना वगैरे, म्हणायची, "ज्याले सापडला त्याच्या कामी आला असन." मी दर वेळी हो म्हणाले. आता तीही नाही, तेव्हा खोटं बोलायलाही कोणी उरलं नाही. मेल आल्यावर शेवटचा ड्रॉवर रिकामा केला तेव्हा दिवा घरी आला. सेल फुटून आत हिरवं-पांढरं साचलं आहे, पट्ट्याचं इलॅस्टिक मेलं आहे.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की ती बोलीची चूक होती. तुम्ही वऱ्हाडातून आलेले, मी पुण्यात वाढलेली, वरून सात महिने अशा देशात राहून आलेली जिथे नको म्हणजे नको. तुम्ही एकदा नको म्हणालात, मी एकदाच विचारलं. कुणाचा दोष नाही. यावर माझं बऱ्यापैकी भागत होतं.

आज दुकानात त्याने सगळी खोकी बाजूला करून एक पुढे सरकवलं. "हा घ्या. तुमच्या कामाला हा बरोबर आहे." आणि मी, का कोण जाणे, म्हटलं, "राहू दे." त्याने खोकं उचललं, झाकण लावलं, फळीवर ठेवलं आणि वर्तमानपत्र उघडलं. मी काउंटरशी तशीच उभी राहिले. पंख्याचा आवाज येत होता. मी कशासाठी थांबले आहे ते मलाही थोड्या वेळाने कळलं. तो परत विचारेल म्हणून थांबले होते. शेवटी त्याने मान वर केली. "अजून काही?"

"तोच द्या."

"मघाशी राहू दे म्हणालात."

"आमच्याकडे तसं म्हणतात," मी म्हटलं. आमच्याकडे. हा शब्द मी पुण्यात पहिल्यांदा उच्चारला, बाबा. तो म्हणाला, "आमच्याकडे नाही म्हणत," आणि खोकं परत काढलं.

तो नवा दिवा आता समोर टेबलावर आहे. सेल घालून बघितला, लागतो. तुम्हाला हे पत्र त्याच्याच उजेडात लिहिते आहे, टाकायचं कुठे ते माहीत नसताना. दाढेची ती सुई उतरायला लागली की असंच होत असावं, आधी दुखत नाही, नुसतं तिथे काहीतरी आहे हे कळतं.

एकच सांगायचं राहिलं. त्या सकाळी मी खोकं धरलं तेव्हा तुम्ही हात लगेच सोडला नव्हतात. क्षणभर ते आपल्या दोघांच्याही हातात होतं आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात, मी दुसऱ्यांदा म्हणेन म्हणून. मला ते दिसलं. माझ्याइतकं कोणाला कळणार, बोटांच्या फटीतून भाकरी वाढणारी मीच. पण त्या रविवारी ऑफिसची माणसं किल्ल्यावर जाणार होती, तसला दिवा कोणाकडेही नव्हता, आणि मला तो हवा होता.