अमेरिकन बाईंची पोथी

गुरुजी, सध्या मी रोज सकाळी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, एका अमेरिकन बाईंची कादंबरी वाचतो. मोठ्याने. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "आता हे काय नवीन?" सांगतो. मुलगी बारावीला आहे. इथे दुबईतच वाढली. वाक्य मराठीत सुरू करते आणि इंग्रजीत संपवते. तिला इंजिनिअर व्हायचं नाही. पुण्याला जाऊन साहित्य शिकायचं आहे, पुढे लिहायचं आहे. मी नाही म्हणालो. लिहून पोट भरतं का, एवढंच विचारलं. ती भांडली नाही. आत गेली, एक पुस्तक आणलं आणि माझ्या डब्याशेजारी ठेवलं. "बाबा, आधी हे वाच. देन से नो."

पुस्तक वाचायची मला एकच रीत ठाऊक आहे, ती तुमची. श्रावणात मारुतीच्या देवळात तुम्ही आम्हा पोरांकडून पोथी वाचून घ्यायचात. भूक लागली की मी ओव्या गाळून पुढे पळायचो. समोरच्या म्हाताऱ्या डुलक्या घेत असत. तुम्ही बोट वर करायचात. "मागे जा. त्या झोपल्यात, पण तो जागा आहे," आणि मारुतीकडे बघायचात. अध्याय सुरू केला की पुरा करूनच उठायचं, हा तुमचा दुसरा नियम. तर पहिल्या दिवशी मी बसलो आणि वाचत राहिलो. पानं उलटताहेत, अध्याय काही संपत नाही. खाली गाडी हॉर्न देतेय. आम्ही राहतो त्या इंटरनॅशनल सिटीतून आम्ही चौघं कामगार एका गाडीने मरीनाला जातो. तिथल्या एका टॉवरचे पंप आणि लिफ्ट मी सांभाळतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, आरती राहिलीय का अजून?" मुलगी उठून आली, माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि भिंतीला टेकून हसत सुटली. "बाबा, इट्स अ नॉव्हेल! यात चॅप्टर्सच नाहीयेत. शेवटपर्यंत एकच आहे!" मी पुस्तक मांडीवर घेऊनच गाडीत बसलो. चालवणारा साताऱ्याचा. म्हणाला, "काय मास्तर, परीक्षा आहे का? यल्ला, खलास करा एकदाचं!" तेव्हापासून सकाळी राहिलेलं मी संध्याकाळी वाचतो आणि मुलगी अडलेले शब्द सांगायला शेजारी बसते.

पुस्तक लिहिणाऱ्या या बाई सत्तरीच्या आहेत. नदीकाठच्या एका लहान गावात जन्मल्या, अजून तिथेच राहतात. कितीतरी वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या, घड्या घालता घालता वाक्यं मनात जुळवायच्या आणि घरी जाऊन लिहायच्या. पहिलं पुस्तक छापलं तेव्हा माझ्याच वयाच्या होत्या. सगळी पुस्तकं त्याच गावाची. कुणीतरी त्यांना विचारलं, दुसरं काही का लिहीत नाही? म्हणाल्या, माझी गल्लीच अजून संपलेली नाही. मुलीने फोनवर ती मुलाखत दाखवली. साधी बाई, केस मागे बांधलेले, बोलताना मांडीवरचा रुमाल दुमडत होती. मला त्या आवडू लागल्या, गुरुजी.

या कादंबरीत एका बाईचा नवरा जातो. शेजारीपाजारी जेवण आणून देतात, आपल्याकडे कडू घास आणतात तसं. मग पुढे ती सगळी भांडी घासून, एकेक दार वाजवून परत करत फिरते. कुणाचं कुठलं, ते विचारत. प्रत्येक दारात एक गोष्ट. एका संध्याकाळी मी वाचता वाचता थांबलो. म्हटलं, "रिकामी परत करते?"

"म्हणजे?"

"अगं, भांडं रिकामं देऊ नये. चिमूटभर साखर तरी घालावी."

रमजानमध्ये शेजारच्या पाकिस्तानी बाई आमच्याकडे इफ्तारचं काहीतरी पाठवतात. मुलगी म्हणाली, "म्हणून आई आंटींचा बाऊल गूळ-शेंगदाणे घालून परत देते?"

"मग? तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, आंटींना शेंगदाणे आवडतात."

दोघंही हसलो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आपल्या कॉरिडॉरचं कुणीच लिहिलेलं नाहीये. आय वॉन्ट टू राइट दॅट."

त्या कॉरिडॉरमधून मी इतकी वर्षं गोणी, सिलेंडर, आजारी पोर घेऊन गेलो. तिथे लिहिण्यासारखं काही असेल असं कधी मनात आलं नव्हतं. पुस्तक अजून निम्मंही झालं नव्हतं आणि माझ्या तोंडून निघालं, "जा पुण्याला. पोटाचं बघू." ते मी म्हणालो की कुणी माझ्याकडून म्हणवून घेतलं, कोण जाणे. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "आईला तू सांगायचं हं." बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हिला मेसचं जेवण चालेल का?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही. शाळेचा पत्ता मला पाठ आहे, तुमचा आताचा नाही. तरी एक तुम्हाला सांगतो, कारण घरात सांगता येत नाही. ती जूनमध्ये जाईल. तोवर रोज संध्याकाळी ती माझ्याजवळ बसते, मी वाचतो, अडलं की विचारतो. या बाईंचं इंग्रजी साधं आहे. आता मला बहुतेक सगळं एकट्याने कळतं. तरी मी पानापानाला थांबतो आणि एखादा शब्द दाखवून विचारतो, हे काय गं? पोरीला वाटतं, बापाचं इंग्रजी कच्चं आहे. वाटू दे.