स्टोयाकच्या नावावरच्या धावा

४ मार्च
संपादिका ऱ्होंडाने काम दिलं — गावच्या बेसबॉल क्लबच्या पन्नाशीनिमित्त आपल्या दोन जुन्या राखीव पिचरांची, म्हणजे मूळ चेंडूफेक्या दमला की उतरणाऱ्यांची, तुलना. डेलरॉय पिकेट की मर्ल स्टोयाक? दहा तारखेला मजकूर हवा. अर्ध्या तासाचं काम, म्हणाली. खरंच की! पिकेट : सात हंगाम, ११२ वेळा आघाडी शेवटपर्यंत राखली, नऊ डावांमागे दिलेल्या धावा २.६१ (कमी तितकं चांगलं). स्टोयाक : तेच सात हंगाम, आघाडी राखली नऊ वेळा, धावा ४.०८. संपलं.

५ मार्च
स्टोयाकच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, दोन वाक्यं घ्यायला. बिजागऱ्या मोजता मोजता म्हणाला, पिकेटच भारी, तसंच लिही. बायको ॲग्नेस गल्ल्यावरून उठून आली. दुकान मेमध्ये बंद होतंय. हायस्कूलला पिचरांसाठी प्रशिक्षक हवाय, मर्लने अर्ज केलाय, आणि मुख्याध्यापक हेवरकँपनी त्याची सरासरी बघूनच तोंड वाकडं केलं.
"ते ४.०८ पुन्हा छापलंस ना वॉल्टर, तर या माणसाला दिवसभर घरात ठेवू कुठे मी?"
स्टोयाक हसला. ती नाही हसली.

६ मार्च
क्लबचं तळघर, जुने स्कोअरचे कागद. बेसवर, म्हणजे मधल्या टप्प्यावर, धावपटू असताना पिचर बदलला आणि नव्याच्या चेंडूंवर ते शेवटच्या टप्प्यावर पोचून धावा झाल्या, तर धावा लागतात आधीच्याच्या नावावर — नियमच आहे. कित्येक वर्षं मीच तो स्कोअर मांडला, कधी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.
स्टोयाकने सोडलेले धावपटू पुढे यायचे पिकेटच्या वाट्याला! पाच हंगामांत असे ३१ आत गेले — सगळे स्टोयाकच्या नावावर. उलट इतरांचे १२० धावपटू स्टोयाकच्या गळ्यात पडले, त्याने आत सोडले फक्त १९! शेवटच्या दोन हंगामांचे कागद मात्र पुरात गेले. त्यांच्याशिवाय काही छापणं बरं नाही.

७ मार्च
दिवसभर शिंका — तळघराची बुरशी. संध्याकाळी आठवलं, पिकेट प्रत्येक सामन्याची स्वतःची वही ठेवायचा!

८ मार्च
पिकेटकडे. तो हल्ली दुधाची गाडी चालवतो. काय शोधतोय आणि कशासाठी, ते सरळ सांगितलं, शाळेचंही सांगितलं. कोरडाच कप त्याने पुन्हा पुसला. मग वही आणली आणि बेरीज मला करू देईना — तुला कधी जमली होती, म्हणे! त्या दोन हंगामांत त्याच्या चेंडूंवर आत गेलेले मर्लचे आणखी सतरा निघाले.
"टाळ्या मला, बोलणी मर्लला," म्हणाला. "लिही तसं. गुळमुळीत नको."
सफरचंदाच्या पायचे दोन तुकडे खाऊन निघालो.

९ मार्च
ज्याच्या चेंडूवर धाव, त्याच्या नावावर — असं नव्याने मांडलं. स्टोयाक ३.५६, पिकेट ३.६९. घासून, पण स्टोयाक!

१० मार्च
मजकूर दिला. वेळेआधी अकरा मिनिटं. ऱ्होंडाने एक विशेषण कापलं. बरोबरच कापलं.

११ मार्च
छापून आलं. ॲग्नेसने दुकानाच्या काचेवर चिकटवलंय. स्टोयाक म्हणे दिवसभर मागच्या दाराने ये-जा करतोय.

१४ मार्च
मुख्याध्यापकांचा फोन. जागा स्टोयाकला! लेखामुळेच निर्णय बदलला, म्हणाले. शेवटी दोनच अर्ज उरले होते. पिकेटच्या नावाचं नेमणुकीचं पत्र टाइप होऊन सहीला आलं होतं.