मूळ कारण: साडू

२ एप्रिल
कारखान्याच्या ठेकेदारांच्या यादीतून नाव उडालं. शेरा: प्रीक्वालिफिकेशन अपूर्ण. म्हणजे काम देण्याआधी, हा माणूस कुणाचा जीव न घेता काम करतो का, ते तपासतात. मी नापास. गेली कित्येक वर्षं त्यांच्या टाक्या मी रंगवतो. त्या एका कामावर माझं आणि माझ्या माणसांचं वर्ष निघतं.
यादीत आता कोण? माझा साडू. कालपरवापर्यंत लोकांच्या खिडक्यांना जाळ्या बसवत होता.
जिरवणार. (शांतपणे स्वतःला विचारलं, हा शब्द फार कडक होतोय का? नाही होत.)

३ एप्रिल
कारखान्याच्या सेफ्टी मॅडमना भेटलो. माझं सेफ्टी मॅन्युअल त्यांनी वजन बघावं तसं हातात तोललं. सगळं मी स्वतः लिहिलंय, एक ओळ कुठून उचललेली नाही. म्हणाल्या, मॅन्युअल छान आहे, पण निअर मिसचा रकाना कोरा कसा? निअर मिस म्हणजे अपघात होता होता टळला, तो प्रकार. मी ताठ मानेने सांगितलं, आमच्याकडे असलं काही घडतच नाही. तर म्हणाल्या, मग एकतर तुमच्याकडे काम नसतं, नाहीतर डोळे नसतात.
तीन रिपोर्ट हवेत. कारणांसकट, महिनाअखेरीच्या आत. त्यानंतर टाक्यांचं काम दिलं जाईल.
सडेतोड उत्तर सुचलं, पण बसमध्ये.

५ एप्रिल
साडू बायकोसह जेवायला. हिने त्याला आग्रह करकरून वाढलं. विषय त्यानेच काढला. म्हणाला, साडूभाऊ, एवढं काय मनाला लावून घेता? बसा आणि द्या लिहून तीन. मी तर एकच लिहिलाय, फक्त तारखा बदलतो. मॅडम काय वाचत बसणार आहेत? ही हसली. हिची बहीणही हसली. मीही हसलो, तो पाहुणा म्हणून.
मी खोटं लिहिणार नाही. आयुष्यात लिहिलेलं नाही.
मी घडवून आणणार.

७ एप्रिल, सकाळी
सध्या एका गोदामाचं रंगकाम चालू आहे. कामाआधी सगळ्यांना उभं करून सेफ्टीवर बोललो. म्हटलं, थोडक्यात वाचलात असं काही घडलं तर न घाबरता मला सांगा. कुणी तोंड उघडेना. पगार कापणार असं त्यांना वाटलं असावं. शेवटी एक जण म्हणाला, काल घरमालक भाडं मागायला आला आणि मी मागच्या दाराने सटकलो, ते धरता का? सगळे खिदळले. मिस्त्री सर्वांत जास्त. मिस्त्री म्हणजे माझा मुकादम, जुना माणूस, त्यामुळे त्याला मी मालक वाटतच नाही.
ते धरलं नाही. नियमात बसत नाही.

१० एप्रिल
योजना: रंगाची बादली परांचीच्या कडेला ठेवायची. खाली कुणी नसताना ती पडणार. कुणाला इजा नाही, नुसता रिपोर्ट. खबरदारी म्हणून खाली पट्टी बांधून जागा बंद केली. एवढी काळजी घेऊन अपघात करणारा दुसरा ठेकेदार दाखवावा.
मिस्त्रीने बादली आत सरकवली. मी पुन्हा कडेला. त्याने पुन्हा आत. वर विचारतो, कोण गाढव ठेवतंय ही इथे? मी म्हटलं, चौकशी करतो.

११ एप्रिल
बादली पडली. पट्टी नीट आहे ना हे बघायला मी पट्टीच्या आत गेलो होतो. उजव्या पायाचा अंगठा. भरलेली होती.
डॉक्टर म्हणाले, नख जाईल. नखाचं काही नाही, पण इजा झाली की तो निअर मिस राहत नाही. पूर्ण फुकट गेला.

१५ एप्रिल
शिडी न बांधता उभी केली. दुपारपर्यंत एकही माणूस चढला नाही. हल्ली फारच सावध झालेत, माझ्या भाषणाचा परिणाम. शेवटी मीच चढलो. शिडी सरकली, मी पन्हळीला लोंबकळलो. खाली सगळे जमले. कुणी म्हणे उडी मारा, कुणी म्हणे नका मारू. मिस्त्री म्हणाला, पाय हलवू नका मालक, चप्पल माझ्या डोक्यावर पडेल.
सुखरूप उतरवलं. खरचटलंही नाही. क्रमांक एक!

१५ एप्रिल, संध्याकाळी
रिपोर्ट भरायला बसलो. फॉर्मवर 'का?' असं पाच वेळा छापलंय. प्रत्येक उत्तराला पुन्हा का विचारायचं, म्हणजे तळाशी मूळ कारण हाती लागतं. हा फॉर्म जणू माझ्यासारख्यासाठीच केलाय. मी एरवीही स्वतःला सोडत नाही.
शिडी का सरकली? बांधली नव्हती. का? मालकाने मुद्दाम बांधली नाही. का? निअर मिस हवा होता. का? यादीत यायचंय. का?
इथे थांबलो. खूप प्रामाणिकपणे विचार केला. मग लिहिलं: साडू.
खाली 'मूळ कारण' असा मोठा चौकोन आहे. त्यातही लिहिलं. पूर्ण नाव, पत्ता.
मनाला इतकी शांतता कधी लाभली नव्हती. सूड आणि सत्य एकाच चौकोनात मावतात, हे माहीतच नव्हतं.

१९ एप्रिल
दुसरा. परांचीच्या वरच्या फळीची एक दोरी सैल केली. मिस्त्री पाय टाकणार, एवढ्यात मी ओरडून थांबवणार, असं ठरलं होतं. माझ्याशीच. वेळेवर ओरडलो. त्याला वाटलं बोलावतायत, म्हणून घाईने पाऊल टाकलं. फळी गेली. मिस्त्री कमरेच्या सेफ्टी पट्ट्याला लटकला.
पट्टा तो जन्मात अडकवत नाही. उतरल्यावर विचारलं, आज कसा काय अडकवलास? म्हणाला, तुम्ही सकाळपासून एकटेच हसत होतात. म्हटलं, आज लावलेला बरा.
क्रमांक दोन. घरी जाताना मात्र चुकीच्या बसमध्ये बसलो. थकवा असेल.

२० एप्रिल
रिपोर्टवर जीव वाचलेल्या माणसाची सही लागते. मिस्त्रीला दिला. म्हटलं होतं, खाली फक्त सही कर. वाचायला लागला. दुसऱ्या 'का'पाशी ओठ हलायचे थांबले. 'मालकाने दोरी सैल केली.' मग म्हणाला, पगार तुमचा घेतो मालक, जीव माझा आहे. घरी दोन पोरी आहेत.
आणि पान्हा फेकला. कानाजवळून गेला.
कानाजवळून. लागला नाही. क्रमांक तीन!
त्याला मिठी मारायला गेलो, तर तो निघून गेला. बाकीचेही गेले.

२३ एप्रिल
मिस्त्रीच्या घरी जाऊन आलो. रिपोर्टवर सही केली, पण दारातच. म्हणाला, टाक्यांचं काम मिळालं तर माणसं घेऊन येतो, पण तुम्ही परांचीच्या आसपास दिसता कामा नये. मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, बघू नका, लांब राहा.
रात्री स्वतःला विचारलं, माझं चुकलं का? का चुकलं? का? का? पाचव्याला पुन्हा साडूच आला. शास्त्रीय पद्धत आहे, मी काय करणार?
तरी झोप लागली नाही.

२५ एप्रिल
तिन्ही रिपोर्ट दिले. तिन्ही चौकोनांत साडू. कारखान्याच्या दप्तरात तो आता धोका म्हणून नोंदला गेला.

२९ एप्रिल
मॅडमनी बोलावलं. बघतो तर साडूही बाहेर बसलेला. मला हात केला, मी वर पंख्याकडे बघितलं.
दोघांना एकदमच आत घेतलं. आधी त्याची पाळी. मॅडमनी त्याचे रिपोर्ट टेबलावर एका रांगेत मांडले. तोच माणूस, त्याच पायरीवर, त्याच वेळी घसरलेला. एकदा तर कारखाना बंद असतानाही. मॅडमनी विचारलं, हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशीही घसरायला येतो का? साडू म्हणाला, कामसू आहे. यादीतून नाव गेलं. माझ्या डोळ्यांदेखत! या क्षणासाठी मी अंगठ्याचं नख दिलंय.
मग माझे. म्हणाल्या, इतके खरे रिपोर्ट आजवर कुणी दिलेले नाहीत. वाचताना मध्येच पाणी प्यावं लागलं. तुमची फर्म यादीत घेतेय, टाक्यांचं काम तुमचं. पण तिन्ही रिपोर्टांत धोक्याचं मूळ एकच माणूस आहे, तो गेटच्या आत येता कामा नये.
मी म्हटलं, अगदी बरोबर, मीही तेच लिहिलंय. आणि साडूकडे बघितलं.
त्या म्हणाल्या, मी तुमच्याबद्दल बोलतेय.
अट कागदावर आहे. मालक बाहेर. आत सेफ्टी सर्टिफिकेटवाला सुपरवायझर.

१ मे
सर्टिफिकेटवाला सुपरवायझर ऐन हंगामात मिळत नाही. सगळीकडे फोन करून झाले. ही म्हणाली, शोधताय कशाला, माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे आहे ना सर्टिफिकेट. यादीतून नाव गेलं, सर्टिफिकेट नाही. घरी बसलाय बिचारा. कुणामुळे बसलाय ते सांगू का?
मी नाही म्हटलं. ठामपणे. मग ही दिवसभर अहो म्हणाली नाही.

३ मे
नीट विचार केला. साडूला ठेवायचं. आजवर बरोबरीने जेवायला बसायचा, आता हाताखाली. याहून मोठा सूड कोणता? आपण होऊन हे सुचायला हवं होतं.
त्याला फोन केला. म्हणाला, साडूभाऊ, तुमच्यासाठी एवढं करणार नाही का? पगार त्यानेच सांगितला.

८ मे
टाक्यांचं काम सुरू. मिस्त्री माणसं घेऊन आला. टेम्पोत रंगाचे डबे, शेजारी साडू, चालवायला मी, कारण साडूला चालवता येत नाही. गेटवर तो उतरला. नवं हेल्मेट, हातात माझं मॅन्युअल. वॉचमनने त्याला सलाम ठोकला. मिस्त्रीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं हसत आत गेले.
मी गेटबाहेर टेम्पोत. ऊन मरणाचं, पण मन प्रसन्न. तो आत घाम गाळतोय, माझ्या हुकमाने. जिरवली.

८ मे, दुपारी
वॉचमन प्लास्टिकची खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन आला. म्हणाला, शेडच्या सावलीत बसा, साहेबांनी सांगितलंय. कोणते साहेब, विचारलं. टाक्यांचं काम घेतलंय ते, म्हणाला. स्वभावाने फार चांगले आहेत. जाता जाता म्हणाले, आमच्या ड्रायव्हरला उन्हात ठेवू नका.
त्याचा गैरसमज दूर करणार होतो.
ऊन खरंच फार होतं. बसलो.