निळा टाका

३ फेब्रुवारी, मंगळवार
मेंढरं राखणाऱ्या बानामावशींच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात ऋतुराजनं आज जीपीएसचा पट्टा बांधला. तो कॉलेजात भूगोल शिकवतो, मी भरतकाम करते. पडेगावच्या माळावर कळप जिथं जिथं जाईल, तिथं तिथं मी कापडावर दोरा नेणार. मावशींच्या पायाखालचा मुलूख लोकांना दिसावा — एवढंच दोघांच्या डोक्यात.

मावशी म्हणाल्या, "समदं काढ, पण झरा दावू नको. लोकांला कळलं की टँकर लावतेत. मग माझी जितराबं कुठं पाणी पितील?"

"शब्द देते मावशी," म्हटलं.

१४ फेब्रुवारी
रोज दुपारी तासभर पट्ट्याचा नकाशावरचा ठिपका एकाच जागी. तसूभर हलत नाही. ऋतुराज म्हणाला, "झरा इथंच असणार. ही जागा वगळ." वगळली. कापड तिथं बोडकं दिसतंय.

२१ फेब्रुवारी
टाकला! त्या बोडक्या जागी निळा टाका, बोटाच्या पेराएवढा. कुणाला काय कळतंय, म्हटलं.

इथं तरी खरं लिहावं. त्याच्याशिवाय कापड फिकं वाटत होतं, आणि मला वाहवा हवी होती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
कापडाचं प्रदर्शन उघडलं. वाहवा मिळाली. जो तो निळ्या टाक्यापाशीच थांबत होता. ऋतुराजनं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बाहेर गेला.

मग नानाकाका आले. सख्खे चुलते, पडेगावला प्लॉटिंग करतात. चष्मा वर सरकवून कापडाला नाक लावलं. "तनू, हे आपल्या गटाला लागूनच की. पाणी हाय व्हय तिथं?"

नाही म्हणता आलं असतं. माझ्या हातात समोसा होता, चारचौघं कौतुक करत होते, आणि मी "हो" म्हणाले.

४ मार्च
काकांनी टाक्याच्या जागेची ती जमिनीची पट्टी ताब्यात घेतली. आज तारेचं कुंपण झालं, परवा बोअरची गाडी येणार. पुतणीमुळं पाणी सापडलं म्हणून घरी पेढे पाठवलेत. आईनं देवापुढं ठेवले.

लाज वाटते. मावशींचा नंबर काढते नि फोन पालथा ठेवते. कापड घरी आणून टाका उसवला. भोकं राहिली.

ऋतुराज म्हणतो, "मला नको सांगूस, त्यांना सांग."

५ मार्च
गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं, समोशासकट.

मावशी मेंढ्याच्या लोकरीत रुतलेली काटेरी गोखरं काढत होत्या. हात थांबला नाही. "झरा तिथं नाय, पोरी. लई लांब हाय. पाण्यावर जाताना पट्टा काढून बाभळीला अडकवायचे मी. येताना परत बांधायचे."

"कधीपासून?"

"तू शब्द दिलास, त्याच्या दुसऱ्या दिसापासून."